टूल घेण्याआधी मोजणी बघा

ताई, चार-पाच क्लायंटच्या डिजिटल मार्केटिंग एजन्सीनं महिन्याच्या रिपोर्टसाठी पैसे भरून टूल घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, आत्ता नको. लुकर स्टुडिओ हे गुगलचं रिपोर्ट बनवायचं टूल फुकट आहे; गुगल अ‍ॅनालिटिक्स (साइटवर कोण येतं, काय करतं ते मोजणारं), सर्च कन्सोल (गुगल सर्चमध्ये साइट कशी दिसते ते सांगणारं), गुगल अ‍ॅड्स त्याला सरळ जोडता येतात. अडतं ते मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींपाशी. तिथे आकडे आपोआप ओढून आणणारा सुपरमेट्रिक्ससारखा विकतचा कनेक्टर घ्या, नाहीतर फाइल उतरवून शीटमध्ये टाका. इतक्या क्लायंटचं हातानं जमतं.

खरी मेख मोजणीत आहे. इतवारीतलं साडीचं दुकान असो की धरमपेठेतला क्लास, आपल्या नागपुरात गिऱ्हाईक फॉर्म भरत बसत नाही, फोन लावतं नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप करतं. गुगल अ‍ॅनालिटिक्सच्या आताच्या आवृत्तीत, अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये, एनहान्स्ड मेजरमेंट (काही क्लिक आपोआप मोजणारी सेटिंग) सुरू असेल तर व्हॉट्सअ‍ॅप लिंकवरचा क्लिक आपोआप नोंदला जातो. फोन नंबरवरचा नाही. त्याची मोजणी टॅग मॅनेजरमधून, म्हणजे साइटवर मोजणीचे कोड बसवायच्या गुगलच्या टूलमधून, वेगळी बसवावी लागते. हे केलं नाही तर कितीही देखण्या डॅशबोर्डमध्ये दुकानदाराला स्वतःचा धंदा दिसणार नाही, आणि त्याची तक्रार रास्तच असेल.

अ‍ॅनालिटिक्समध्ये एक्सप्लोरेशनसाठी, म्हणजे स्वतः खोलात जाऊन बनवायच्या रिपोर्टसाठी, डेटा ठेवण्याची मुदत मुळात २ महिने असते. ती आजच १४ महिने करा, गेलेला डेटा परत येत नाही.

गुगल अ‍ॅनालिटिक्सऐवजी मॅटोमो हे टूल आपल्या सर्व्हरवर बसवलं तर चांगलंच, डेटा आपल्याकडेच राहतो. पण सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा.

आणि विक्री वा चौकशी जाहिरातीमुळे झाली असं मोजताना मेटा नेहमीच्या सेटिंगमध्ये क्लिकनंतरचे ७ दिवस आणि नुसती जाहिरात पाहिल्यानंतरचा १ दिवसही धरतं. त्यामुळे त्याचे आकडे गुगल अ‍ॅनालिटिक्सशी जुळणार नाहीत, हे क्लायंटला पहिल्याच बैठकीत सांगा.