खुज्या नाकतोड्याची जात ठरवताना: आखूड-लांब पाठ आणि नावापुढचा कंस

प्रश्न (आगरवाला, राजापूर तालुका):
आमच्या आगरात पाटाच्या कडेच्या जांभ्यावर शेवाळ धरते आणि पाऊस ओसरू लागला की तेथे बोटाच्या नखाएवढे करडे नाकतोडे पुष्कळ दिसतात. काहींच्या पाठीवरचे कवच पोटाच्या टोकाच्याही मागे निघालेले आहे, तर काहींचे जेमतेम टोकापर्यंत पोहोचते. या दोन वेगळ्या जाती समजाव्यात का? शिवाय याच कुळातील एक नाव ‘टेट्रिक्स सबुलाटा (लिनियस, १७५८)’ असे छापलेले पाहिले. इतर काही नावांना असा कंस नाही. हा फरक कशामुळे?

उत्तर (वहाळकाठ):
वर्णनावरून हे टेट्रिजिडी कुळातील खुजे नाकतोडे आहेत. पाठीवरचे कवच म्हणजे अग्रवक्षाचा (डोक्यामागच्या छातीच्या पहिल्या भागाचा) मागे वाढलेला भाग. नेहमीच्या नाकतोड्यात तो मानेजवळच संपतो. खात्रीसाठी भिंगातून पाय पाहावेत. पुढच्या व मधल्या पायांच्या पावलाला दोन-दोन आणि मागच्याला तीन खंड असतात, तर नेहमीच्या नाकतोड्याच्या सर्व पावलांना तीन-तीन. नखांमधली मऊ गादीही यांच्यात नसते आणि पुढचे पंख लहान खवल्यांएवढेच उरलेले असतात. यांना श्रवणेंद्रिय नाही, म्हणून अंगावर अंग घासून गाणारा नाकतोडा यांत शोधू नये. आहार मुख्यत्वे शेवाळ (मॉस), शैवाल (अल्गी) आणि कुजलेला पाला, त्यामुळे पाटाची कड त्यांना सोयीची आहे.

उत्तर (नावांचा अभ्यासक):
कंसाबद्दल लिहितो. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये या जातीला ‘ग्रिलस सबुलाटस’ म्हटले होते. पुढे फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेयने १८०२ मध्ये टेट्रिक्स ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट, genus) स्थापन केली आणि ती जात तिच्यात गेली. मूळ लेखकाने ज्या प्रजातीत जात वर्णिली, तिच्याहून वेगळ्या प्रजातीत ती आज मोडत असेल, तर लेखकाचे नाव आणि वर्ष कंसात लिहितात. मूळ प्रजातीच कायम असेल तर कंस नसतो. ‘सबुलाटस’चे ‘सबुलाटा’ झाले, कारण विशेषणाने प्रजातीच्या नावाचे लिंग घ्यावे असा नियम आहे; ग्रिलस पुल्लिंगी, टेट्रिक्स स्त्रीलिंगी. हे बदल पाहून ‘शास्त्रज्ञ नाव सारखे बदलतात’ अशी तक्रार ऐकू येते, पण कंस पाहताच ही जात मूळ वर्णनात दुसऱ्या प्रजातीत होती हे कळते; मला ही पद्धत फार मोलाची वाटते.

आगरवाला:
आभार. आखूड कवचाच्या नमुन्यांचे काय?

उत्तर (वहाळकाठ):
केवळ तेवढ्यावरून वेगळी जात मानू नये. या कुळातील अनेक जातींत लांब कवच व लांब मागचे पंख असलेली आणि आखूड कवच व आखूड पंखांची, अशी दोन्ही रूपे एकाच जातीत आढळतात. रंग आणि ठिपकेही एकाच जातीत फार बदलतात, म्हणून नुसत्या छायाचित्रावरून जातीपर्यंत जाणे धोक्याचे आहे. डोक्याची व कवचाची ठेवण, मांड्यांचे कंगोरे हे सर्व तपासावे लागते. आपले नाकतोडे पाण्यात उडी घेऊन पोहतात का, तेही पाहावे. सेलिमेना प्रजातीतील नाकतोडे पाण्याजवळ राहतात आणि पोहू शकतात. त्यांच्या मागच्या नडग्या चपट्या, रुंद झालेल्या असतात.

उत्तर (नावांचा अभ्यासक):
जात नवीन असल्याची शंका आली, तरी आधी जुन्या जातींच्या मूळ नमुन्यांशी तुलना करावी. १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या जातीच्या नावासोबत नामधारक नमुना (ज्याच्याशी ते नाव कायमचे जोडले जाते तो नमुना) स्पष्टपणे नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे, हेही सांगावे लागते. म्हणून दोन्ही रूपांचे, नर-मादी असे मोजकेच नमुने, आवश्यक ती परवानगी घेऊन, ठिकाण व तारखेच्या चिठ्ठीसह जपावेत. चिठ्ठीवर ‘कोकण’ एवढेच लिहू नये. गाव, पाट आणि शेवाळलेला जांभा यांचीही नोंद करावी. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे; ओळख पटवण्यासाठी तेथे विचारणा करता येईल.