मदत हवी आहे: सहावीतल्या लेकीला गणित येतं, पण इंग्रजीतून विचारलं की हात थांबतो

सांजवात (धागा काढणारी)

नमस्कार. वर्षभर इथलं नुसतं वाचते आहे, आज पहिल्यांदाच काही विचारतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही भांडुपला राहतो. लेक सहावीत आहे, मराठी माध्यम, पण सेमी. तिच्या शाळेत पाचवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू होतं. चौथीपर्यंत गणित तिचा सगळ्यात आवडता विषय होता. वाण्याकडे पाठवलं तर सुट्टे किती परत यायचे ते तो सांगायच्या आत हिचं तयार असायचं. आणि आता चाचणीचा पेपर हातात घेतला की माझ्याच पोटात गोळा येतो.

परवाच्या पेपरातलं एक उदाहरण सांगते. प्रश्न होता 'फाइंड द सम ऑफ ४६ अँड ३८'. हिनं उत्तर लिहिलं, 'दोन्ही सम आहेत.' शून्य गुण. मी रागावणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की तिचं चुकलंय तरी कुठे? चौथीपर्यंत सम म्हणजे सम संख्याच होती ना! खाली दुसऱ्या उदाहरणात 'हाऊ मेनी आर लेफ्ट' होतं, तिथे तिनं डावीकडच्या रांगेतले आंबे मोजले होते. तेच उदाहरण मी जेवताना मराठीत विचारलं तर घास गिळायच्या आत उत्तर. वर म्हणते, "आई, बाईंना सांग ना मला मराठीत विचारायला." ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

आणखी एक गोष्ट. मी 'सिक्स्टी थ्री' म्हटलं की ती बऱ्याचदा ३६ लिहिते. नेहमी नाही, पण घाईत हमखास.

आता अडचणी. मी फोर्टला नोकरीला आहे. सकाळी आठला घर सोडते, परत यायला सव्वासात होतात. यांची शिफ्ट असते. घरी सासूबाई असतात, त्या सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. म्हणजे माझ्या हातात रोजचा पाऊण तास आणि रविवारची सकाळ. जवळच्या क्लासची चौकशी केली, पण तिथेही शाळेतलीच उदाहरणं पुन्हा सोडवून घेतात. हिला उदाहरणं कमी पडत नाहीयेत, शब्द अडवतायत. घरी वर्कशीट छापून आणल्या, चार दिवसांत कंटाळली. शब्दांची यादी करून कपाटाच्या दारावर चिकटवली, तिकडे ती बघतही नाही.

मला विचारायचंय ते असं: घरी खेळत, काम करत दोन्ही विषय एकत्र घेता येतील असं काही आहे का? आणि माझं इंग्रजी ऑफिसपुरतं आहे. माझ्या उच्चारांनी तिचं बिघडेल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

खडूफळा

ताई, आधी एक सांगते. तुमच्या लेकीचं गणित उत्तम आहे. मी मुंबईत महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. अशी कितीतरी मुलं माझ्या वर्गात होती, आणि त्यांना 'कच्ची' म्हटलं की ती खरोखरच कच्ची व्हायची. तेवढं घरात कुणी म्हणू नका.

६३ आणि ३६ चं कारण आपल्या भाषेत आहे. त्रेसष्ट म्हणताना आपण तीन आधी म्हणतो, साठ नंतर. पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर, सगळं तसंच. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी येतो. म्हणजे तुमची लेक 'सिक्स्टी थ्री' ऐकते, मनात त्रेसष्ट करते आणि हाताला कुठला आकडा आधी लिहायचा तेच कळत नाही. त्यात आपलं एकोणपन्नास, एकोणसाठ. शब्दात पन्नास ऐकू येतं आणि लिहायचा असतो चार. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. ती आवडो न आवडो, मुलांची अडचण खरी होती.

यावर माझा हमखास उपाय म्हणजे हाऊजी. गणपतीत चाळीत खेळतात तीच. एक ते नव्वदचे आकडे, एका तिकिटावर पंधरा. आकडा पुकारायची जी रीत आहे, 'सिक्स अँड थ्री, सिक्स्टी थ्री', तीच औषध आहे. आधी सुटे अंक डावीकडून उजवीकडे, मग पूर्ण संख्या. दहा-बारा डाव झाले की हात आपोआप बरोबर जातो. पुढचा टप्पा म्हणजे पुकारणारी तीच. मग आकड्याऐवजी कोडं पुकारायचं: 'फाइव्ह मोअर दॅन ट्वेंटी', 'डबल ऑफ फोर्टीन', 'हाफ ऑफ नाइंटी'. इथे गणित आणि इंग्रजी वेगळं राहतच नाही.

दुसरं, यादी कपाटावरून काढा. त्याऐवजी 'दोन तोंडी शब्दांची वही' करा, आणि ती तिनं करायची, तुम्ही नाही. डाव्या पानावर बाहेरचा अर्थ, उजव्या पानावर गणितातला. सम घ्या: मराठीत दोनने भाग जाणारी, इंग्रजीत बेरीज. लेफ्ट: डावा आणि उरलेलं. टेबल: जेवायचं आणि पाढा. प्रॉडक्ट: दुकानातला माल आणि गुणाकार. ऑड: विचित्र आणि विषम. डिफरन्स: फरक आणि वजाबाकी, हे दोन्ही तसे जवळचेच आहेत. प्रत्येकासमोर तिनं चित्र काढायचं. सापडलेला शब्द तिचा असतो, दिलेला शब्द तुमचाच राहतो.

उच्चारांची काळजी सोडा. तुमचं इंग्रजी ऐकून तिचं बिघडत नाही. गप्प बसलेलं घर बिघडवतं.

---

परळकर

खडूफळा ताईंनी भाषेचं छान सांगितलं. मी अपूर्णांकांचं लिहितो, कारण सहावीत पोरं तिथेच आपटतात आणि माझा मुलगाही तिथेच आपटला होता.

त्याला एक छेद दोन अधिक एक छेद तीन विचारलं की दोन छेद पाच लिहायचा. वरचे वर, खालचे खाली. दहा वेळा समजावलं, समच्छेद कर, लसावि काढ, न्यूमरेटर, डिनॉमिनेटर. सगळं पाठ, समज शून्य. एका रविवारी बेकरीतून सहा पावांची लादी आणली आणि न मोडता ताटात ठेवली. म्हटलं, लादीचा अर्धा तुझा. त्यानं तीन पाव मोडून घेतले. म्हटलं, लादीचा एक तृतीयांश मला. दोन पाव दिले. आता दोघांचे मिळून किती? पाच. एकूण कितीपैकी? सहा. पाच छेद सहा. तो बराच वेळ त्या उरलेल्या एका पावाकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे दोन छेद पाच कसं येईल, ते तर अर्ध्याहून कमी आहे, आणि माझाच एकट्याचा वाटा अर्धा होता!"

समच्छेद म्हणजे दुसरं काय? दोघांनाही न चुरगळता वाटता येईल अशी लादी शोधायची. अर्धा आणि तिसरा हिस्सा असेल तर सहाची, अर्धा आणि पाव असेल तर चारची, तिसरा आणि चौथा असेल तर बाराची. हे कळल्यावर मग लसावि हा शब्द आणा. आणि मग तेच सगळं इंग्रजीत बोला, 'हाफ ऑफ द लादी'. लादीला इंग्रजी शब्द शोधत बसू नका.

किराण्याच्या पाकिटांवरही भरपूर मिळतं. 'नेट वेट', 'बेस्ट बिफोर सिक्स मंथ्स', सगळं इंग्रजी वाचन. एक किलोची पिशवी ५८ रुपयांना आणि पाच किलोची २७० ला असेल तर किलोमागे स्वस्त कुठली? माझ्या पोराला हे विचारल्यापासून तो दुकानात माझ्याआधी पाकीट उलटून बघतो.

---

मीठभाकर

थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सेमीचा हा घोळ घालण्यापेक्षा सरळ इंग्रजी माध्यमात का नाही टाकत? पुढे सगळं इंग्रजीतच आहे.

---

सांजवात

राग नाही. पण मराठीत तिचं डोकं किती भराभर चालतं ते मी रोज बघते. ते तोडून तिला सहावीत परत पहिल्यापासून उभं करायची माझी तयारी नाही. मला तिच्या मराठीतून इंग्रजीकडे पूल बांधायचाय.

---

कोकणकडा

पुलासाठी फुकट सामान सांगते. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मिळतात, सगळ्या माध्यमांच्या. तुमच्या इयत्तेचं गणिताचं मराठी माध्यमाचं आणि इंग्रजी माध्यमाचं, दोन्ही उतरवून घ्या. प्रकरणं तीच, उदाहरणंही तीच. रोज एकच शाब्दिक उदाहरण घ्यायचं. आधी इंग्रजीतलं मोठ्यानं वाचायचं, मग पेन्सिल खाली ठेवून 'यात काय दिलंय, काय विचारलंय' ते मराठीत सांगायचं, आणि शेवटी मराठी पुस्तक उघडून ताडून बघायचं. उत्तर काढलं नाही तरी चालेल. आम्ही पहिला महिना उत्तरं काढलीच नाहीत. यानं मुलांची भीती जाते, कारण अर्थ बरोबर लागला की नाही ते त्यांचं त्यांना कळतं, आपण परीक्षक होत नाही.

इंग्रजी वाचनासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ बघा. मोफत आहे. बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे आहेत, आणि पातळ्या चार. वय बघून पातळी निवडू नका. सहावीतली मुलगी दुसऱ्या पातळीची गोष्ट वाचत असेल तर वाचू द्या. तिला अडखळल्याशिवाय एक गोष्ट संपवल्याचं समाधान हवंय. माझी मुलगी आजीला इंग्रजीतली गोष्ट वाचून मराठीत सांगायची. आजी प्रश्न विचारायची, त्यासाठी तिला परत वाचावं लागायचं.

आणि लोकल विसरू नका. पुढचं स्टेशन तिन्ही भाषांत सांगतात, इंडिकेटरवर तेच. रविवारी दादरला जाताना गाडीला किती मिनिटं आहेत, पोचायला किती लागतील, हे इंग्रजीत बोलत जायचं. पावणेआठला 'क्वार्टर टू एट' आणि सव्वाआठला 'क्वार्टर पास्ट एट', हे आमच्याकडे फलाटावरच पक्कं झालं.

---

सांजवात (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहायलाच हवं.

हाऊजी लागू पडली. पहिल्या रविवारी शेजारची दोन मुलंही आली, तिकिटं लेकीनंच वहीच्या पानांवर आखली. ६३ची चूक अजून दिसते, पण स्वतःच खोडते. वहीत अकरा शब्द झालेत. 'सम'चं पान तिनं सगळ्यात पहिलं केलं, आणि पेपरातलं ते उदाहरण कापून तिथे चिकटवलं.

दुकानातलं मात्र जमलं नाही. संध्याकाळी गर्दी असते, मी थकलेली असते, आणि वाण्यासमोर तिला विचारलेलं तिला आवडलं नाही. ते सोडून दिलं.

जे मला सुचलंच नव्हतं ते सासूबाईंनी केलं. आमचं लादीचं चाललेलं ऐकून त्या म्हणाल्या, आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे, पाठ असायचे. आणि एका दमात सवायकी म्हणून दाखवली. एकाचे सव्वा, दोनाचे अडीच, तिनाचे पावणेचार, चाराचे पाच. लेक वही घेऊन बसली आणि प्रत्येकाचं दशांशात करून बघायला लागली: १.२५, २.५, ३.७५, ५. दशांश अपूर्णांकांवर आम्ही दोन महिने डोकं फोडत होतो हो! सव्वा, दीड, अडीच हे तिच्या तोंडात लहानपणापासून आहे, फक्त ते आणि पुस्तकातलं एकच आहे हे कुणी दाखवलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी मी यायच्या आत आजी म्हणते आणि नात ते इंग्रजीत वाचते, 'वन पॉइंट टू फाइव्ह'. सासूबाईंनाही 'पॉइंट' यायला लागलंय.

काल तिनं स्वतः एक उदाहरण रचलं. स्पेलिंग दोन चुकली होती, मी काही बोलले नाही. 'आजी हॅज वन लादी ऑफ सिक्स पाव. शी गिव्हज हाफ टू मी अँड वन थर्ड टू बाबा. हाऊ मेनी पाव आर लेफ्ट फॉर आई?'

एक शंका उरलीच आहे. ती अजून प्रत्येक उदाहरण मनात मराठीत करून मग सोडवते. परीक्षेत यात वेळ जाणार नाही का? ही सवय मोडावी का?

---

खडूफळा

मोडू नका. सुरुवातीला वेळ जाईल, हे खरं. पण जे शब्द रोजचे होतील त्यांचं भाषांतर ती आपोआप करेनाशी होईल, 'लेफ्ट'चं झालं तसं. तोवर पेपरात एवढंच सांगा: उदाहरण वाचताना दिलेल्या संख्यांना गोल, विचारलंय त्याखाली रेघ. हात कामात राहिला की घाबरायला होत नाही.

आणि तिचं उदाहरण अर्धंच सुटलंय. आईला एक पाव उरला, बरोबर. आता तिला विचारा, आईला लादीचा कितवा भाग मिळाला, आणि ते इंग्रजीत कसं लिहायचं. लादी समोर ठेवून विचारा.