तीन-चार वर्षांच्या पोरांना अ‍ॅक्वेरियम दाखवायचं की ओहोटीचा समुद्र?

माहीमची_आई: मागच्या रविवारी चार वर्षांच्या लेकीला एका अ‍ॅक्वेरियममध्ये नेलं होतं, नाव देत नाही. मोठी रांग, आत अंधार, निळे लाइट आणि प्रत्येक काचेपुढे मोबाइल धरून उभी माणसं, तिला दिसल्या त्या लोकांच्या पाठी. शेवटी कोपऱ्यातल्या एका टाकीपुढे जागा मिळाली. त्यात हातभर लांब मासा होता, या टोकापासून त्या टोकाला जायचा, वळायचा, परत यायचा. लेक बोटांवर फेऱ्या मोजत होती, बोटं संपली तेव्हा म्हणाली, आई हा दुसरीकडे का नाही जात? शेजारी एक काका हातातल्या कड्याने काचेवर टकटक करत होते, नका करू म्हटलं तर म्हणाले पोरांसाठीच तर करतोय. माझं स्पष्ट मत झालंय, या वयात अ‍ॅक्वेरियम नकोच. मुंबईत राहतो ना आपण, ओहोटीला समुद्रावर न्या. कार्टर रोडच्या खडकात एका डबक्यात शंख चालताना दिसला, आत खेकडा होता, पोरगी वीस मिनिटं उकिडवी बसून बघत होती.

डोंबिवलीचा_बाबा: अजिबात पटलं नाही. माहीमवरून कार्टर रोड म्हणजे तुमचं अंगण आहे हो, आम्हाला लोकलने दीड तास, कडेवर पोर, सोबत आईचे गुडघे. खडकावर शेवाळ असतं आणि कालवांच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या, माझा मुलगा घसरला तेव्हा गुडघ्याला दोन टाके पडले. नाल्याचं पाणी कुठे मिसळतं तेही बघा. अ‍ॅक्वेरियममध्ये सावली असते, बाथरूम असतं, आजीला टेकायला जागा असते. आणि पाकट, म्हणजे स्टिंगरे मासा, पोटाकडून कसा दिसतो ते किनाऱ्यावरून कधी दिसणार? अ‍ॅक्वेरियमच्या काचेच्या बोगद्यात आमच्या डोक्यावरून गेला तेव्हा मुलगा ओरडला, बाबा तोंड खाली आहे याचं! डोळे वर, तोंड खाली, हे त्याने स्वतः शोधलं.

गिरगावकर६८: बाबांशी सहमत. मी तारापोरवाला मत्स्यालयात वाढलोय म्हणा ना. १९५१ साली उघडलं, पारशी दात्याच्या देणगीतून, मत्स्यव्यवसाय खात्याचं. चर्नी रोडला उतरायचं आणि चालत पोचायचं. २०१५ मध्ये नवं करून उघडलं तेव्हा १२ फुटी बोगदा केला होता, नातवाला तिथे नेलं होतं. कोविडात बंद झालं ते मनाला लागलंय. चाळीतल्या पोरांनी जिवंत समुद्रघोडा तिथेच पाहिला, त्यांच्या आईबापांकडे ना गाडी ना रविवारची सुट्टी. नकोच म्हणणं सोपं आहे ताई, पण परवडणारी जागा गेली की पहिली हीच पोरं मुकतात.

टाकी_सांभाळणारा: पंधरा वर्षं मासे पाळतोय म्हणून बोलतो. काचेवर टकटक हा खरंच छळ आहे. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेषा असते, पाण्यातली हालचाल आणि धक्के त्याला तिथून कळतात, आणि डोळ्याला पापणी नाही, फ्लॅश मारला तर मिटणार काय? तिथे सांगायला माणूसच उभा नसेल तर दोष चालवणाऱ्यांचा. पण ताई, मला जास्त राग येतो तो नंतरचा. बाहेर आल्यावर पोर हट्ट करतं आणि आईबाप दोन गोल्डफिश काचेच्या वाडग्यात घालून घरी आणतात. गोल्डफिश वीतभर वाढतो, भरपूर घाण करतो, फिल्टर नसेल तर त्याच्याच घाणीतला अमोनिया त्याला मारतो. अ‍ॅक्वेरियम बघा, पण वाडगा घेऊ नका, हात जोडून सांगतो.

कोळीवाड्यातली: समुद्र म्हणजे बाग नाही, हे ताईंना सांगावंसं वाटतं. अवस-पुनवेला मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. संध्याकाळच्या ओहोटीला पोरं घेऊन खडकात जाऊ नका, अंधारात पाणी मागून भरतं ते कळत नाही. रोज ओहोटी पाऊण तास पुढे सरकते, म्हणून तृतीयेला जा, सकाळी साडेसात-आठला पाणी बाहेर असतं आणि उजेडही असतो, तरी निघण्याआधी त्या दिवसाची वेळ बघाच. दगड उलटा केलात तर तसाच परत ठेवा, शंख घरी नेऊ नका, आत कोणीतरी राहत असतं. गणपतीच्या दिवसांत पाण्यात पाय नको, तेव्हा पाकट आणि जेलीफिश काठाला येतात.

माहीमची_आई: तृतीयेचं लिहून ठेवलं, खूप आभार, आम्ही नुसती सुट्टी बघून निघायचो. गिरगावकर काका, स्वस्त जागा हवी हे शंभर टक्के मान्य, पण फेऱ्या मारणारा तो मासा डोळ्यांपुढून जात नाही, लेकीने रात्री परत विचारलं, तो अजून फिरतोय का? मी काय सांगू तिला?

डोंबिवलीचा_बाबा: तिला खरं सांगा, फिरतोय म्हणून. माझा मुलगा पाकटाचं तोंड अजून रोज पाटीवर काढतो, तेही खरंच आहे. खडकावर मी दोन वर्षं तरी नेणार नाही. जुहूला वाळू आहे, तिथे ते इवलेसे खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्या टाकतात म्हणे, ते चालेल. पुढच्या तृतीयेला सकाळची पाच चाळीसची लोकल धरतो.