इंजेराला डोळे पडेनात! रविवारच्या आत मदत हवी

टिळकवाडी_किचन (शुक्रवार, रात्री ९.१०)
महिन्यातून एका रविवारी आमच्यात एकेका देशाचं जेवण असतं. यावेळी इथिओपिया. मिसिर वोट (मसुरीचं तिखट कालवण) जमलंय, शिरोही जमलाय (बेसनाचं पिठलंच की ते, मसाला तेवढा वेगळा). इंजेरा, म्हणजे त्यांचं आंबवलेल्या पिठाचं जाळीदार धिरडं, मात्र जमेना. वरून गुळगुळीत, जाळीचे डोळे नाहीतच, खालून चिकट, गुंडाळायला गेलं की मोडतंय. पीठ आंबवूनच करतेय. रविवारी दुपारी सासूबाईंच्या माहेरची माणसं जेवायला आहेत. काय चुकतंय ते लवकर सांगा. "डोशाचं पीठ वापरा" असं कृपया कुणी लिहू नका.

बिडाचा_तवा
पीठ कसलं? किती तास आंबवलं? पातळ किती? तवा कुठला? झाकण घालता का? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

खडेबाजार_खवय्या
ईनो घाला ताई. एक वाटी रवा, एक वाटी मैदा, ताक, वरून ईनो. दहा मिनिटांत जाळी. कशाला एवढा घोळ?

जोंधळा_शाळू
जाळी पडेल, पण तो ढोकळ्याचा भाऊ झाला. इंजेराचा आंबटपणा दोन-तीन दिवसांच्या आंबवणीतून येतो. तिखट वोटाबरोबर तोच तर लागतो.

खडेबाजार_खवय्या
पाहुण्यांना कोण सांगतंय? ताकाचा आंबटपणा पुरे.

टिळकवाडी_किचन
पीठ म्हणजे आपलं भाकरीचं. बेळगावात तेफ (इंजेराचं तिकडचं मूळ धान्य) कुठलं मिळायला? रात्री भिजवून सकाळी केलं. इडलीच्या पिठाएवढं घट्ट. तवा नॉनस्टिक. दोन्ही बाजूंनी खरपूस भाजते तरी आत ओलंच.

बिडाचा_तवा
सापडलं. इंजेरा उलटायचा नसतो! एकाच बाजूनं, झाकणाखाली वाफेवर होतो. उलटला की असतील नसतील ते डोळे तव्यावर चेपतात. आता भाकरीचं म्हणजे जोंधळ्याचं की नाचण्याचं?

टिळकवाडी_किचन
शाळूचं. गिरणीतून कालच आणलंय.

संकेश्वरी_ठसका
बेरबेरेला (वोटाच्या तिखट मसाल्याला) ब्याडगी एकटी वापरू नका, नुसता रंग येतो. निम्मी ब्याडगी, निम्मी संकेश्वरी. मिरच्या कोरड्या भाजायच्या, बरोबर मेथी, धणे, वेलदोडे, मिरे, लवंग, ओवा, कलौंजी. मेथी जळली तर सगळा मसाला कडू, म्हणून ती वेगळी भाजा.

जोंधळा_शाळू
मसाल्याचं कुणी विचारलंय का?

संकेश्वरी_ठसका
विचारलं नाही म्हणून काय झालं, उपयोगी आहे. कांद्याचंही ऐका. वोटाला कांदा लई बारीक चिरून आधी तेलाशिवाय परतायचा. पाणी आटून गोळा झाला की मग तूप, मग बेरबेरे. रस्सा दाट होतो तो त्या कांद्यामुळं.

घाटमाथा
खानापूरच्या पुढं हल्याळकडं सिद्दी लोक आहेत की. आफ्रिकेतलेच ते. त्यांना विचारा.

बिडाचा_तवा
शेकडो वर्षांपूर्वी इकडं आलेल्या समाजाला इथिओपियाची रेसिपी विचारायची? आफ्रिका म्हणजे एक गाव नव्हे. विषयावर या.

ताई, शाळू चालतो. इथिओपियातही ज्वारीचा इंजेरा करतात, फक्त तो तेफपेक्षा लवकर कोरडा पडून मोडतो. म्हणून केलेला त्याच दिवशी संपवा. आता क्रमानं.

३ वाट्या शाळूचं पीठ, १ वाटी तांदळाचं. पीठ बारीक चाळून घ्या, भरड राहिलं तर तडे जातात. कोमट पाण्यात डोशाच्या पिठाइतकं भिजवा. आधीच्या पिठातलं अर्धी वाटी उरलं असेल तर विरजण म्हणून घाला. मीठ आत्ता नको. झाकण सैल ठेवा, गॅस कोंडला तर पीठ उतू जातं. या पावसात ओट्यावर ठेवलंत तर थंडीनं काम अडेल. ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा, नाहीतर भांडं घोंगड्यात गुंडाळा. एका रात्रीत होत नाही. आज रात्री भिजवा, रविवारी सकाळपर्यंत तयार.

तुमच्याकडून राहिलं ते म्हणजे अब्सित. आंबलेल्या पिठातली अर्धी वाटी काढून दीड वाटी उकळत्या पाण्यात घाला आणि आंबलीसारखं दाट होईपर्यंत हलवत शिजवा. कोमट झालं की परत पिठात मिसळा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. हा शिजलेला स्टार्चच गॅस धरून ठेवतो आणि इंजेरा लवचिक करतो. तो नसला की गॅस निसटतो, डोळे येत नाहीत, गुंडाळताना मोडतो.

जोंधळा_शाळू
तांदूळ कशाला? मूठभर मैदा घाला, जास्त लवचिक होतं. परदेशातले इथिओपियन लोक तेफमध्ये गव्हाचं पीठ मिसळतातच.

बिडाचा_तवा
चालेल, पण ग्लूटेन चालत नसलेलं कुणी पंगतीला असेल तर आधी विचारून घ्या. मला तांदूळच बरा वाटतो.

खडेबाजार_खवय्या
म्हणजे मैदा चालतो, ईनो चालत नाही. वा!

टिळकवाडी_किचन
वाद नंतर घाला. भाजायचं कसं ते सांगा.

बिडाचा_तवा
बिडाचा तवा असेल तर तोच घ्या. पातळ नॉनस्टिकवर मधे जास्त तापतं आणि कडा कच्च्या राहतात. थेंब टाकला की चर्रकन उडाला पाहिजे. तेल नको. पीठ डोशापेक्षा पातळ, पळीतून सलग धार पडेल असं. कडेपासून सुरू करून गोल फिरवत मध्यापर्यंत ओता, पळीनं पसरू नका. लगेच झाकू नका. डोळे सगळीकडं उघडू देत, मग झाकण, मिनिट-दीड मिनिट. कडा आपोआप सुटली की झाला. झाकणाला आतून साठलेलं पाणी दरवेळी पुसा, ते वर ठिबकलं की चिकट डाग पडतात. काढून कापडावर एकेक पसरून गार करा. गरम एकावर एक रचले तर चिकटलेच म्हणून समजा.

संकेश्वरी_ठसका
आणि वाढणार कसं? तिकडं एका मोठ्या ताटात इंजेरा पसरून त्यावर वोट वाढतात, सगळे त्यातूनच खातात. शिवाय गुर्शा, म्हणजे आपल्या हातानं दुसऱ्याला घास भरवायचा.

टिळकवाडी_किचन
सासूबाईंच्या मामी एका ताटात? उष्टं म्हणून उठून जातील.

संकेश्वरी_ठसका
मग परातीत एक मोठा इंजेरा पसरून त्यावर मिसिर, शिरो, कोबी-बटाटा मांडा, मधे ठेवा. प्रत्येकाला ताटलीत दोन गुंडाळ्या द्या, वाढून घ्यायला चमचे. पोरांना एक ताट वेगळं द्या, ती गुर्शा करतील.

टिळकवाडी_किचन (शनिवार, रात्री ८.३०)
तांदूळ घालून काल रात्रीच भिजवलं. आता वर पिवळसर पाणी आलंय, वास आंबट. फेकायचं का?

बिडाचा_तवा
तो एर्शो. वरचं पाणी अलगद काढा, अर्धी वाटी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, पुढच्या वेळचं विरजण तेच. गुलाबी, काळं किंवा लव आलेलं दिसलं तर मात्र सगळंच टाका.

टिळकवाडी_किचन
तसलं काही नाही. अब्सित घातल्यावर किती थांबू? माणसं साडेबाराला येणार.

बिडाचा_तवा
तासभर. साडेनऊला अब्सित घाला, वर बुडबुडे आले की मीठ घालून तवा तापवा. पहिला बिघडणारच, तो पोरांना द्या.

खडेबाजार_खवय्या
ईनोची पुडी जवळ असू दे.