घरपट्टीच्या आकारणीवर हरकत घ्यावी, की बिल आले तसे भरावे?

धागाकर्ता : कोथरूडचा रहिवासी

घरपट्टीचे बिल आले की आपण तळाची रक्कम पाहतो आणि सवलत जाऊ नये म्हणून मे महिना संपण्याआधी भरून मोकळे होतो. ही रक्कम कशी आली, हे विचारणारा माणूस शंभर सदनिकांच्या सोसायटीतही सहसा सापडत नाही. माझे म्हणणे असे की प्रत्येक मिळकतधारकाने निदान एकदा आकारणीचा उतारा मागून घ्यावा, तो प्रत्यक्ष घराशी ताडून पाहावा आणि चूक आढळल्यास लेखी हरकत घ्यावी. यामुळे कर कमी झाला तर त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

हिशेब अवघड नाही. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक महानगरपालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे आणि जेथे भांडवली मूल्याची, म्हणजे मिळकतीच्या किमतीवर कर लावण्याची, पद्धत स्वीकारलेली नाही तेथे घर भाड्याने दिल्यास वर्षाला किती भाडे येईल यावर आकारणी ठरते. त्या वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य मिळते आणि सर्वसाधारण करापासून मलनिस्सारण लाभ करापर्यंत बहुतेक रकाने त्यावरच भरले जातात. समजा, ७०० चौरस फुटांच्या घराला दरमहा चौरस फुटाला २ रुपये दर लावला. वर्षाचे भाडे १६,८०० रुपये आणि करयोग्य मूल्य १५,१२० रुपये झाले. याच घराचे क्षेत्रफळ नोंदवहीत ८२० चौरस फूट पडले असेल, तर करयोग्य मूल्य १७,७१२ रुपये होते आणि ती चूक कोणी दाखवून देईपर्यंत दर वर्षी बिलात उतरत राहते. जिन्यापुढची सामाईक जागा सदनिकेत धरणे, उघड्या गच्चीला खोलीचा दर लावणे किंवा बंद पडलेल्या दुकानाच्या जागी लोक राहायला आल्यावरही वापर बिगरनिवासी ठेवणे, अशा चुका दरांच्या वादात मोडत नाहीत. त्या वस्तुस्थितीच्या चुका आहेत.

पुण्यातील ४० टक्के सवलतीचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. घरमालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतींना १९७० पासून मिळणारी ही सवलत काढून घेतली गेली, २०१९ नंतर नव्याने आकारणी झालेल्या घरांना ती मिळालीच नाही, आणि २०२३ मध्ये राज्य शासनाने ती पुन्हा मान्य केल्यावर ज्यांची सवलत गेली होती त्यांना पीटी-३ अर्ज भरून आपण त्याच घरात राहतो हे सिद्ध करावे लागले. ज्यांनी अर्ज दिला नाही त्यांचा हक्क कायद्याने नव्हे, कागदाअभावी बुडाला. म्हणून विचारतो, हरकत घेणे हे नागरिकाचे कर्तव्य मानावे की नाही?

प्रतिसाद : निवृत्त करनिरीक्षक

आपण दिलेला हिशेब बरोबर आहे, निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. माझी नोकरी कर आकारणी विभागात झाली आणि सुनावणीच्या खोलीत मी दोन्ही बाजू पाहिल्या. तेथे येणारी प्रत्येक हरकत आकारणी जास्त झाली म्हणून असते. गॅलरी बंद करून खोली वाढवणारा, पोटमाळ्यावर गोदाम थाटणारा किंवा राहत्या घरात शिकवणीचे वर्ग चालवणारा माणूस ‘माझी आकारणी कमी झाली आहे, वाढवून द्या’ असा अर्ज घेऊन कधी आला नाही. चुका दोन्ही दिशांना होतात, दुरुस्ती एकाच दिशेने मागितली जाते. मग त्यातून नोंदवही अचूक होते असे कसे म्हणावे? ती फक्त हलकी होते.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. जकात गेली, स्थानिक संस्था करही २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर महानगरपालिकांना राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहावे लागले. महानगरपालिकेने स्वतः ठरवावा आणि स्वतः गोळा करावा असा मोठा कर आता मालमत्ता कर एवढाच उरला आहे. तो कमी करून घेण्याची सवय ज्या वस्त्यांना लागते त्या वस्त्या सुशिक्षित आणि सुस्थित असतात, आणि रस्ते, दिवे, कचरा यांबद्दल सर्वांत मोठा आवाजही त्यांचाच असतो.

शेजारच्या जुन्या वाड्याला आपल्यापेक्षा कितीतरी कमी कर आहे, ही तक्रार मी असंख्य वेळा ऐकली आहे. त्याचे कारण कायद्यात आहे. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या इमारतीचे वार्षिक मूल्य प्रमाणित भाड्याच्या, म्हणजे त्या कायद्याने मान्य केलेल्या भाड्याच्या, वर नेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिवाण दौलतराय कपूर प्रकरणात स्पष्ट केले. वाड्याचा कर कमी आहे म्हणून नव्या सदनिकेचा कर चुकीचा ठरत नाही, आणि या मुद्द्यावर केलेल्या हरकती फेटाळल्या गेल्या तर त्यात अन्याय नाही.

प्रतिसाद : गिरगावकर

निरीक्षकसाहेब, हरकत घेणारे सगळे आपली पिशवी सांभाळणारे असतात, हे म्हणणे मुंबईच्या अनुभवाशी जुळत नाही. येथे २०१० पासून भांडवली मूल्यावर कर लागतो. सिद्धगणक (रेडी रेकनर) दरातून काढलेली किंमत, चटईक्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय असे घटक एकमेकांना गुणून आकडा निघतो. मोकळ्या जमिनीचे मूल्य काढताना पुढे मिळू शकेल असा चटईक्षेत्र निर्देशांकही (एफएसआय, म्हणजे जमिनीवर किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण) नियमांनी धरला होता, म्हणजे जे बांधलेले नाही त्याची किंमत आजच्या करात आली होती. मालमत्ताधारकांनी त्याला आव्हान दिले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्या नियमांपैकी २०, २१ आणि २२ हे नियम रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. कोणी हरकत घेतली नसती तर हे नियम आजही योग्य मानले गेले असते.

मात्र धागाकर्त्यांनाही एक सांगावेसे वाटते. हा लढा २०१० च्या आकारणीपासून २०२२ पर्यंत चालला आणि तो संघटना व मोठे मालमत्ताधारक यांनाच झेपला. आमच्या चाळीसारख्या ठिकाणी पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला, तो राजकीय निर्णयाने, कोणाच्याही अपिलाने नव्हे.

प्रतिसाद : करसल्लागार, नाशिक

या विषयात एक धंदा उभा राहिला आहे, त्याकडे कोणी लक्ष वेधले नाही. ‘बिल कमी करून देतो, वाचलेल्या रकमेतला हिस्सा द्या’ असे सांगणारी माणसे सोसायट्यांकडे येतात. हरकतीचा अर्ज साध्या कागदावर करता येतो आणि सुनावणीला मिळकतधारक स्वतः उभा राहू शकतो, त्यासाठी टक्केवारी देण्याचे कारण नाही. शिवाय हिस्सा घेणारा माणूस चूक शोधत बसत नाही, तो सवलतीचे कलम शोधतो आणि भाडेकरू ठेवलेल्या घरालाही ‘स्वतःचा वापर’ लिहून देतो. पुढे पाहणी झाली की फरकाची रक्कम मालकाच्या नावावर निघते.

हरकत दिली म्हणून बिल भरायचे थांबू नये, हेही आवर्जून सांगतो. मुदत उलटली की थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. रक्कम हरकतीचा हक्क राखून भरावी, तसे पत्र द्यावे आणि पोहोच घ्यावी.

प्रतिसाद : धागाकर्ता

निरीक्षकसाहेबांचा पहिला मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझी मागणी थोडी बदलून मांडतो. नागरिक फक्त जास्तीची चूक दाखवतो, कारण त्याला फक्त त्याचेच बिल दिसते. मोजलेले क्षेत्रफळ, लावलेला दर, नोंदवलेला वापर आणि आकारणीचे वर्ष या चार गोष्टी प्रत्येक बिलाच्या मागे छापल्या आणि प्रत्येक इमारतीची यादी प्रभाग कार्यालयात पाहण्यास खुली ठेवली, तर पोटमाळ्यावरचे गोदाम शेजाऱ्यालाच दिसेल. आज उतारा मिळवण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि बहुतेक लोक तेथेच थांबतात. नोंदवही एका दिशेने हलकी होते याचा दोष हरकत घेणाऱ्यावर टाकणे मला पटत नाही. ती नोंदवही बंद कपाटात ठेवली जाते.

माझा खरा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. आयुक्तांकडील तक्रार फेटाळली गेली की १९४९ च्या अधिनियमातील कलम ४०६ प्रमाणे न्यायाधीशांकडे अपील करता येते, पण त्यासाठी मुदत पंधरा दिवसांची आणि अट अशी की मागणी केलेली रक्कम आधी जमा केलेली असावी. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला तीन-चार वर्षांच्या फरकाचे बिल एकदम आले, तर ते पूर्ण भरल्याशिवाय त्याचे म्हणणे न्यायालय ऐकणार नाही. ज्याच्यावर चूक सर्वांत जड पडते त्याच्यासाठीच हा दरवाजा सर्वांत अरुंद आहे.

प्रतिसाद : निवृत्त करनिरीक्षक

चार गोष्टी बिलावर छापाव्यात, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे; खात्यातील बरेच प्रामाणिक कर्मचारीही हेच म्हणतील, कारण सुनावणीचा अर्धा वेळ नागरिकाला त्याचाच उतारा समजावून सांगण्यात जातो.

रक्कम जमा करण्याच्या अटीबद्दल मात्र मी ठाम आहे. या अटीची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये अनंत मिल्स प्रकरणात तपासली आणि मान्य केली. अपिलाचा हक्क कायद्याने दिला आहे, तेव्हा त्यावर अट घालण्याचा अधिकारही कायद्याला आहे. अट काढली तर सर्वांत आधी अपील करेल तो मॉल, तारांकित हॉटेल आणि रिकामे भूखंड धरून बसलेला विकासक, आणि खटला चालेपर्यंत महानगरपालिका त्या पैशाची वाट पाहत बसेल. आपल्या निवृत्त गृहस्थांचे बिल काही हजारांचे असेल, या मंडळींचे कोटींत असते.

प्रतिसाद : नगरपरिषद हद्दीतला वाचक

आमच्याकडे चार वर्षांनी फेरआकारणी होते. याद्या लागतात, हरकतींची मुदत जाहीर होते आणि मग गावभर एकच छापील अर्ज फिरतो, ज्यात ‘करवाढ अन्यायकारक आहे’ यापलीकडे काही नसते. सुनावणीला गेलेल्या माणसाकडे ना मोजमाप असते ना बांधकाम परवानगीचा नकाशा, त्यामुळे अधिकाऱ्यालाही काही दुरुस्त करता येत नाही. शेवटी पुढारी मुंबईला जाऊन स्थगिती आणतात आणि ज्याची आकारणी खरोखर चुकली होती त्याची चूक तशीच राहते. मोर्चाने मिळालेली स्थगिती सर्वांना सारखीच लागू होते, मग बंगला असो वा पत्र्याची खोली. नेमकी हरकत घेणारे दहा जण असते तर गावाचे जास्त भले झाले असते.

प्रतिसाद : धागाकर्ता

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. हरकत आणि निषेध यांत आपण फरक करत नाही.

निरीक्षकसाहेब, मॉल आणि निवृत्त माणूस यांना एकाच अटीत बसवण्याची गरज काय? स्वतः राहत असलेल्या एकाच घरापुरती ही अट शिथिल करावी, वाद नसलेली रक्कम पूर्ण आणि वादातील फरकाचा अर्धा भाग भरून घ्यावा आणि बिगरनिवासी मिळकतींना आजचीच अट ठेवावी, अशी दुरुस्ती विधिमंडळाला करता येईल. न्यायालयाने अट वैध ठरवली याचा अर्थ ती बदलता येत नाही असा होत नाही.

प्रतिसाद : निवृत्त करनिरीक्षक

एका घरापुरती सूट द्यायची तर ते एकच घर आहे हे तपासायचे कोणी? पतीच्या नावावर एक, पत्नीच्या नावावर दुसरे, मुलाच्या नावावर तिसरे, हे मी रोज पाहिले आहे. नोंदवहीत मिळकतधारकांची नावे एकमेकांशी जोडलेली नाहीत. ती आधी जोडा, मग अर्ध्या रकमेबद्दल बोलू.