मीटिंगच्या व्हिसावर मशीन बसवायला पाठवून राहिले, पोरानं नाही म्हणावं का?

बुटीबोरीचा_पाना
ओळखीतला पोरगा आहे, इथंच एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर. अमेरिकेत ह्यूस्टनला मशीन बसवायला चालला, व्हिसा बी-१, म्हणजे धंद्याच्या भेटीगाठीचा, तिथं नोकरी करायचा नाही. मॅनेजर म्हणते इमिग्रेशनवर विचारलं तर फक्त 'कस्टमरला भेटायला आलो' सांगायचं, आणि टूल बॅग आधीच कुरियरनं पाठवून दिली म्हणजे सामानात पाना-बिना दिसायला नको. माझं मत, चक्क नाही म्हणावं. बी-१ वरून माणसं कामाला पाठवल्याच्या प्रकरणात २०१३ मध्ये इन्फोसिसनं ३ कोटी ४० लाख डॉलर भरून तडजोड केली, आरोप नाकारले तरी पैसे भरलेच. त्यांच्याजवळ होते. या पोराजवळ काय आहे, ईएमआय?

इतवारी_होलसेल
बाप्पा! इतकं भ्याल तर झाला धंदा. सगळेच असे जातात भौ. हा नाही गेला तर दुसरा जाईन, नाही तर ऑर्डर कोरियावाल्याकडे जाईन, मग बसा घरी तर्री पोहे खात. मी दुबईला जातो येतो, आजवर कोणी काही विचारलं नाही, आणि काही लफडं झालंच तर विमानात बसायचं, घरी आलं की सुटलो.

धरमपेठ_वकीलीण
दोघंही थांबा. बी-१ वर विकलेली मशीन बसवता येते. अट अशी की मशीन अमेरिकेबाहेरून विकलेली पाहिजे, बसवून द्यायचं हे विक्रीच्या करारातच लिहिलेलं पाहिजे, त्या कामाची खास माहिती त्या माणसाला पाहिजे आणि पगार इथूनच मिळाला पाहिजे. म्हणजे कराराची कॉपी हातात असली तर पोरगा खरं सांगूनच जाऊ शकते! मॅनेजर त्याला विनाकारण खोटं बोलायला लावून राहिला. अधिकाऱ्यासमोर जाणूनबुजून खोटं बोलल्याचं ठरलं तर अमेरिकेची बंदी कायमची लागू शकते, आणि फोन-लॅपटॉप तपासायचा अधिकार तिथं त्यांना आहे, व्हॉट्सअॅपवर 'इन्स्टॉलेशन सोमवारपासून' दिसलं की संपलं.
इतवारीवाले दादा, 'घरी आलं की सुटलो' हे जुनं झालं. जानेवारी २०२० पासून यूएईच्या कोर्टाचा दिवाणी हुकूमनामा इथल्या कोर्टात अंमलबजावणीला लावता येते.

सावजी_पोट्टा
दुबईवरून आठवलं, सावजी मसाला नेऊ नका रे कोणी. त्यात खसखस असते अन् तिथं खसखशीवर बंदी आहे. कोडीनवालं खोकल्याचं औषध पण तसंच, आधी परवानगी घ्या. आईनं पिशवीत काय कोंबलं ते एअरपोर्टवर नाही, घरीच पाहा.

इतवारी_होलसेल
मसाल्याचं मान्य. पण वकीलताई, कागदं मोठ्या कंपन्यांचे असतात. लहान माणसाची ऑर्डर फोनवर होते, करार कुठून आणू?

बुटीबोरीचा_पाना
म्हणूनच फटका नोकरीवाल्याला बसते ना भौ. चीनमधलं यिवू आठवते का, तुमच्या इतवारीतले पण माल आणायला जातात तिथं. २०११ च्या शेवटी तिथं मालक पैसे बुडवून पळाला, अन् त्याच्या कंपनीत काम करणारे दोघं मुंबईचे तिथल्या व्यापाऱ्यांनी डांबून ठेवले. सोडवायला गेलेला आपल्या शांघायच्या वाणिज्य दूतावासाचा अधिकारी कोर्टातच कोसळला. नंतर दूतावासानं सांगितलं, यिवूत धंदाच करू नका. मालकाचं काय गेलं?

धरमपेठ_वकीलीण
आणि दूतावास येईन या भरवशावर राहू नका. पकडलं तर दूतावासाला कळवा म्हणायचा हक्क आहे, १९६३ च्या व्हिएन्ना करारानं दिलेला, तो जरूर वापरा. पण दूतावास केस जिंकून देत नाही. पोरानं कंपनीकडून दोनच गोष्टी लेखी घ्याव्या. एक, नेमकं काम काय. दोन, अडकला तर वकिलाचा खर्च कोणाचा अन् पगार चालू राहीन का.

बुटीबोरीचा_पाना
आजच मेल टाकला त्यानं. मॅनेजरचं उत्तर, 'फोनवर बोलू'.

इतवारी_होलसेल
घ्या. गेली ऑर्डर कोरियाला.