मदत हवी आहे: राउटर नवं फर्मवेअर घेतच नाही (सांगली)

विश्रामबागकर:
घरात दोन डबे आहेत. एक फायबरवाल्याने भिंतीवर बसवलेला पांढरा, दुसरा माझा स्वतःचा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन वायफाय देणारा) राउटर. राउटरच्या पानावर ‘अपडेट तपासा’ दाबलं की ‘आवृत्ती अद्ययावत आहे’ असं येतं. कंपनीच्या साइटवर मात्र त्याच मॉडेलचं नवं फर्मवेअर (राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) दिसतंय. ते उतरवून चढवायला गेलं की ‘फाइल चुकीची आहे’. जबरदस्तीने चढवता येतं का? आणि मध्येच लाइट गेली तर काय?

तारायंत्र:
जबरदस्ती अजिबात नको. नाकारतोय तेच बरं आहे.

राउटर उलटा करून खालचं स्टिकर वाचा. मॉडेलच्या शेजारी बारीक अक्षरात हार्डवेअर व्हर्जन छापलेलं असतं. खरी भानगड तिथे असते. मॉडेलचं नाव तेच ठेवून कंपन्या आतली चिप बदलतात. टीपी-लिंकच्या आर्चर सी-६चंच बघा: हार्डवेअर व्हर्जन २ मध्ये क्वालकॉमची चिप, ३ मध्ये मीडियाटेकची. एकाचं फर्मवेअर दुसऱ्याला चालणं शक्यच नाही. साइटवर मॉडेलच्या पानावर व्हर्जन निवडायची यादी असते, ती न बघता पहिलीच फाइल उतरवली की हे होतं.

देशही बघा. युरोप-अमेरिकेच्या पानावरची फाइल बऱ्याचदा वेगळी असते, कारण वायफायचे चॅनल आणि पॉवर यांचे नियम देशागणिक बदलतात. भारताच्या पानावरूनच घ्या.

आणि उतरलेली फाइल झिप असेल तर ती आधी उघडा. चढवायची ती आतली ‘बिन’ फाइल. सेटिंगचा बॅकअप घेतला की काही राउटर तो बॅकअपही ‘कॉन्फिग डॉट बिन’ नावाने देतात. दोन्ही डाउनलोडमध्ये शेजारी पडतात आणि घाईत भलतीच निवडली जाते. बॅकअप वेगळ्या फोल्डरात टाका.

‘अद्ययावत आहे’चं म्हणाल तर त्यात नवल नाही. नवी फाइल साइटवर आधी येते, आपोआप अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतात.

मिरजजंक्शन:
वरचं सगळं बरोबर. पण त्याआधी पांढऱ्या डब्याला हात लावू नका. तो ओएनटी, म्हणजे फायबरची लाइन जिथे संपते तो डबा; त्याचं फर्मवेअर फायबरवाला त्याच्याकडूनच बदलतो.

तुमच्या राउटरच्या वॅन पानाचा (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या सेटिंगचं पान) मोबाइलवर फोटो काढा. कनेक्शन पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणारं) असेल तर युजरनेम दिसेल, पासवर्ड मात्र ठिपक्यांत असतो. तो फायबरवाल्याकडून आधीच लिहून घ्या. व्हीलॅन आयडी (लाइनला दिलेला एक क्रमांक) असेल तर तोही. ‘मॅक क्लोन’, म्हणजे दुसऱ्या यंत्राचा मॅक पत्ता (यंत्राची नेटवर्कवरची ओळख) उसना घेणं, चालू आहे का बघा. गावातले बरेच केबलवाले लाइन एका मॅक पत्त्याला बांधून ठेवतात. रीसेटनंतर तो पत्ता बदलला, की सगळं नीट भरूनही नेट येत नाही आणि माणूस फर्मवेअरला शिव्या देत बसतो.

चढवताना लॅपटॉप लॅन केबलने राउटरच्या लॅन पोर्टात जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा. पान बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ वर उघडतं.

इन्व्हर्टरवाला:
लाइटबद्दल. अपडेटमध्ये फ्लॅश चिपवरचं जुनं आधी पुसलं जातं, मग नवं लिहिलं जातं. नेमकी तेव्हा वीज गेली तर अर्धवट फर्मवेअर राहतं आणि राउटर चालूच होत नाही, नुसता दिवा लुकलुकतो.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. मागचं बटण नॉर्मल मोडवर असेल तर वीज पलटताना जो क्षण जातो तेवढ्यातही राउटर रीस्टार्ट होऊ शकतो. यूपीएस मोडवर ठेवा. नाहीतर राउटरचा छोटा डीसी यूपीएस घ्या. अडॅप्टरवर १२ व्होल्ट आहे की ९ ते वाचून, अँपिअर तेवढे किंवा जास्त. आणि वळवाच्या दिवसांत संध्याकाळी हे काम काढूच नका.

अडकलाच तरी बूटलोडर (राउटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम) वेगळ्या भागात असल्यामुळे तो सहसा वाचतो. बऱ्याच मॉडेलना रीसेट दाबून ठेवून चालू केलं की रिकव्हरी मोड मिळतो. लॅपटॉपला कुठला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्यायचा, फाइलचं नाव काय ठेवायचं, हे मॉडेलप्रमाणे ठरलेलं असतं. ती माहिती आधीच उतरवून ठेवा, कारण तेव्हा घरातलं नेट बंद असेल.

विश्रामबागकर:
व्हर्जनच चुकलं होतं. योग्य फाइल राउटरने लगेच घेतली. पण आता ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय दिसत नाही, २.४चं दिसतंय. लॉगिनचं पानही विस्कटलंय.

तारायंत्र:
पान ब्राउझरच्या जुन्या कॅशेमुळे (साठवून ठेवलेल्या जुन्या पानामुळे) विस्कटतं, कंट्रोल-एफ५ दाबा. ५ गिगाहर्ट्‌झसाठी चॅनल बघा. ५२ ते ६४ किंवा १०० ते १४४ असेल (हे चॅनल रडारही वापरतात) तर बऱ्याचदा राउटरला आधी रडार आहे का हे किमान ६० सेकंद ऐकावं लागतं, तोवर तो नाव दाखवत नाही. थांबायचं नसेल तर ३६ निवडा. तरीही नाही आलं तर फॅक्टरी रीसेट करा आणि सेटिंग फोटो बघून हाताने भरा. जुना बॅकअप नव्या फर्मवेअरवर चढवू नका.

विश्रामबागकर:
३६ वर आलं. धन्यवाद मंडळी.